आत किती जणं आहेत?

गेल्या महिन्यात अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत एक नटी फक्त श्वास द्यायला आली होती. संवाद सगळे सेटवरच नीट रेकॉर्ड झाले होते. उरला होता शयनगृहातला चार मिनिटांचा प्रसंग. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, आणि शूटिंगच्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत असल्यानं आवाज वापरण्याजोगा आला नव्हता. तिनं चपला दाराबाहेर काढल्या. हातातलं कडं, कानातले, ओढणी, एकेक करून माझ्या हातात दिलं, कारण त्या खोलीत कापडाला कापड घासलं तरी माइकला ऐकू येतं. मग ती आत गेली, जाड दार लागलं आणि काचेपलीकडे ती एकटी उभी राहिली. सुती कुर्ता, डोळ्यांवर चष्मा, केस पेन्सिलीनं वर खोचलेले, आणि समोर पडद्यावर तिचंच शरीर. रेकॉर्डिस्टनं तीन बीप दिले आणि ती श्वास घेऊ लागली. एक हात बरगडीवर, दुसऱ्या हातानं आपलंच मनगट घट्ट धरलेलं. एका जागी तिनं हात वर करून थांबवलं. "इथे मी श्वास सोडलेला नाही, धरून ठेवलाय. मानेची ही शीर बघा. जरा मागे घ्या." मागे घेतलं. खरंच, शीर ताणलेली होती आणि छाती हलत नव्हती. पाच महिन्यांपूर्वी पलंगावर आडवं होऊन धरलेला तो श्वास तिनं आता उभ्यानं, अनवाणी, पुन्हा धरला आणि नेमक्या त्याच फ्रेमला सोडला. रेकॉर्डिस्ट मुलगा पंचविशीचा असेल. तो पडद्याकडे बघत नव्हता, आवाजाच्या वर-खाली होणाऱ्या रेघेकडे बघत होता. मी ओढणीची घडी घालत बसले होते, आणि मला तिचा जुना प्रश्न आठवला.

"ताई, आत किती जणं आहेत?"

नऊ वर्षं झाली त्याला. मढ आयलंडचा एक बंगला, जुलैची संध्याकाळ, पंखे आवाजासाठी बंद, त्यामुळे खोलीत भिंतींना घाम आलेला. सिनेमा प्रौढांसाठीचा होता. तालुक्याच्या गावातली एक लग्न झालेली बाई आणि वरच्या माळ्यावर राहायला आलेला भाडेकरू, एवढीच गोष्ट, पण ती शरीरातून सांगायची होती. तिची ती पहिली मोठी भूमिका. मेकअपच्या खोलीतून ती पांढरा टॉवेलचा गाऊन घालून आली. आत अंगाला त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावलेली, पट्टीची एक कड खांद्यापाशी उचकटत होती आणि ती बोटानं सारखी दाबत होती. सेटवर सगळा कारभार हिंदीत, पण दाराशी थांबून तिनं मला हे मराठीत विचारलं, अगदी हळू. मी म्हटलं, "मोजकेच आहेत गं. चल." आणि दार उघडलं.

एकोणीस जण होते.

मला आकडा पक्का आठवतो, कारण माझं कामच ते आहे. मी कंटिन्युइटी बघते, म्हणजे एका टेकचं दुसऱ्या टेकशी जुळतंय ना ते. कुठल्या टेकला पेला डाव्या हातात होता, मंगळसूत्राची वाटी उलटी पडली होती की सुलटी, पदराचा काठ कोणत्या शब्दावर सरकला, हे सगळं माझ्या वहीत असतं. अशा प्रसंगात हे काम फार अवघड होतं. कपडे असले की खुणा पुष्कळ असतात, कपडे नसले की उरते त्वचा आणि चादर. चादर कितव्या बरगडीपर्यंत होती? दंडावरचा घामाचा ओघळ कुठवर आला होता? तो घाम म्हणजे ग्लिसरीन आणि पाणी, मेकअप दादा बाटलीनं मारतात, आणि दर टेकनंतर तो वेगळ्याच वाटेनं उतरतो. एरवी मी फोनवर फोटो काढते. अशा दिवशी फोन बाहेर जमा होतात, मग वहीत पेन्सिलीनं आकृत्या काढायच्या. माझं चित्र शाळेपासून बेताचं, तरी त्या वह्यांतल्या आकृत्या मी जपून ठेवल्या आहेत. दोन लंबगोल, त्यांना फुटलेले हात, आणि बाजूला बारीक अक्षरात: "संवाद संपताना उजवा अंगठा त्याच्या कानामागे." "केसांची एक बट ओठाला चिकटलेली, टेक ४ पासून." तिच्याविषयी त्या दिवशी पुन्हा पुन्हा लिहिलेली एक नोंद आहे: "नजर खाली, डावीकडे." पुढे सिनेमा आला तेव्हा त्या नजरेचं फार कौतुक झालं. हरवलेली नजर, असं एकानं लिहिलं होतं. दिग्दर्शकांनाही ती त्याच दिवशी आवडली होती, मॉनिटरजवळून ओरडून त्यांनी सांगितलं होतं की हेच ठेव, हेच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे प्रसंग म्हणजे दोन माणसांना एकत्र सोडायचं आणि कॅमेरा चालू करायचा. प्रत्यक्षात ते लेझीम बसवण्यासारखं असतं. एक, दोन, खांद्यावर हात, तीनला मान वळणार, चारला कॅमेरा ट्रॉलीवरून पायाशी. फोकस ओढणाऱ्याला माहीत हवं की तिचा चेहरा कोणत्या क्षणी दोन इंच पुढे येणार, नाहीतर शॉट गेला. पलंग करकरतो म्हणून सुतार सांध्यांत फडकी कोंबतो. नव्या चादरीची खळ कुरकुरते म्हणून साउंडवाले ती आधी दोन-तीनदा धुऊन घ्यायला लावतात. दोघांच्या मध्ये एक छोटी उशी असते, फ्रेमच्या बाहेर, आणि ती उशी कुणाला दिसत नाही म्हणूनच ते दोघं निर्धास्तपणे एकमेकांवर भार टाकू शकतात. हे सगळं जुळून आलं की पडद्यावर ज्याला आपण आवेग म्हणतो तो दिसतो. मला ही गोष्ट सुंदर वाटते, आजही. इतकी मोजणी आणि त्यातून इतकं अनावर काही.

त्या दिवशी तिसऱ्या टेकच्या आधी दिग्दर्शक नटाच्या कानाशी काहीतरी बोलले. टेक सुरू झाला आणि ठरलेल्या जागी त्यानं खांद्याऐवजी तिचे केस मुठीत धरून ओढले. ती दचकली. खरी दचकली, तोंडातून आवाजही निघाला. कट झाल्यावर दिग्दर्शक खूश. "आता खरं आलं." तिनं काही म्हटलं नाही, गाऊन मागितला, पाणी प्यायली. मग क्लोजअपची वेळ आली, त्याच क्षणाचा. आणि तो क्षण तिला काही केल्या सापडेना. आता तिला माहीत होतं की मूठ येणार आहे. मूठ यायच्या अर्धा सेकंद आधीच डोळे मिटत होते. सात टेक झाले. शेवटी संकलनात तो तुकडा बसलाच नाही, लांबचा शॉट एका जातीचा आणि जवळचा दुसऱ्याच जातीचा. सिनेमात आज तो नाही.

खरं घडलेलं एकदाच घडतं आणि सिनेमाला ते सात वेळा हवं असतं, हे मी तेव्हा शिकले. पण शिकले ते वहीपुरतं. दचकल्यावर ती आधी माझ्याकडे बघत होती, हे मी वहीत लिहिलेलं नाही.

१९७२ साली पॅरिसमध्ये चित्रित झालेल्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'बद्दल आता बहुतेकांना ठाऊक आहे. नटी मारिया श्नायडर १९ वर्षांची, समोर ४८ वर्षांचा मार्लन ब्रँडो. त्यातल्या बलात्काराच्या प्रसंगातला लोण्याचा तो तपशील संहितेत नव्हता, तिला ऐन वेळेपर्यंत नीट सांगितला नाही. २००७ साली तिनं मुलाखतीत सांगितलं की पडद्यावरचं कृत्य खोटं होतं पण आपले अश्रू खरे होते, आपल्याला अपमानित झाल्यासारखं वाटलं. ती २०११ साली गेली. त्यानंतर दोन वर्षांनी दिग्दर्शक बर्नार्डो बर्टोलुची यांनी मुलाखतीत कबूल केलं की त्यांना नटीची नव्हे तर मुलीची प्रतिक्रिया हवी होती. ही मुलाखत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रागापेक्षाही एक विचित्र दुःख झालं. जिला आयुष्यभर अभिनय करायचा होता तिच्या अभिनयावरच त्यांचा विश्वास नव्हता. १९ वर्षांच्या मुलीला त्यांनी संधी दिली असती, तर तिनं ते करून दाखवलं असतं की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

मग मला चिनी नटी तांग वेई आठवते. अँग ली यांचा 'लस्ट, कॉशन' २००७ चा, व्हेनिस महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जपानी अंमलाखालचं शांघाय. कॉलेजात नाटक करणारी एक मुलगी जपान्यांना सामील झालेल्या अधिकाऱ्याला जाळ्यात ओढण्यासाठी एका व्यापाऱ्याच्या बायकोचं सोंग घेते. म्हणजे नटीनं नटीचीच भूमिका करायची, आणि सोंग करायचं ते शरीरानं. तांग वेईचा तो पहिलाच मोठा सिनेमा आणि समोर हाँगकाँगचा नामवंत नट टोनी लिआँग. त्यातले शय्याप्रसंग अंगावर येणारे आहेत, पहिला तर हिंसकच. पण दर प्रसंगाला गोष्ट पुढे सरकते, म्हणून मी तो सिनेमा वहीपेन्सिल घेऊन पाहिला आहे. पहिल्या वेळी पकड त्याची, तिचं शरीर आखडलेलं. पुढच्या वेळी कुणी कुणाला धरलंय हे सांगता येत नाही. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर भीती येते आणि तिच्या चेहऱ्यावर सोंग कुठे संपतं ते दिसेनासं होतं. एकही वाक्य नाही, सगळं हातपायांच्या गुंत्यातून. आणि तरी त्या सिनेमातला सगळ्यात उघडा प्रसंग तिनं पूर्ण कपड्यांत केला आहे. आपल्या म्होरक्यासमोर बसून ती सांगते की तो माणूस सापासारखा आपल्या आत, काळजाकडे सरकतो आहे. ऐकणाऱ्या पुरुषांना ते सहन होत नाही, तिला थांबवलं जातं. शय्याप्रसंगांत जे पाहिलं त्याचा अर्थ तिथे बसतो. ते प्रसंग नसते तर ते बोलणं पोकळ वाटलं असतं.

चीनमध्ये तो सिनेमा कापून दाखवला गेला, आणि २००८ च्या मार्चमध्ये तिथल्या माध्यमांतून तांग वेईला बाहेर काढलं, तिची जाहिरातसुद्धा थांबवली. तिला. दिग्दर्शकाला नाही, नटाला नाही. तेच प्रसंग दोघांनी मिळून केलेले, एकाच चादरीखाली, पण बिल एकीच्या नावावर फाटतं. हे मी आमच्या धंद्यात इतक्या वेळा पाहिलंय की चीनचं नवल वाटलं नाही.

सुदैवानं ती परत आली. २०२२ चा पार्क चॅन-वूक यांचा 'डिसिजन टू लीव्ह' पाहिला तेव्हा मी थिएटरमध्ये पुढे सरकून बसले होते. त्यात ती कपडे काढत नाही. निद्रानाशानं पिचलेल्या एका पोलिसाला ती झोपवते, एवढंच. शेजारी बसून त्याचा श्वास आपल्या श्वासाशी जुळवून घ्यायला सांगते, समुद्रात उतरल्यासारखं, आणि दोन श्वास एका लयीत येतात. मला तो प्रसंग पंधरा वर्षांपूर्वीच्या पलंगापेक्षा धीट वाटला. माझं हे मत अनेकांना पटत नाही. पण १५ वर्षांत तिनं काय सांभाळलं आणि कशावर उभी राहिली ते मला त्या श्वासात ऐकू येतं.

ऐकू येण्यावरून आजी आठवली. साताऱ्याच्या घरी रेडिओ स्वयंपाकघराच्या फडताळात असे. लावणी लागली की आजी उठून आवाज कमी करायची, बंद नाही. मग पोळ्या लाटता लाटता कान तिकडे. सुलोचना चव्हाणांचा आवाज त्या बारीक केलेल्या रेडिओतूनही खोलीभर होत असे. एखाद्या शब्दावर त्या अशा थांबत, पुढचा शब्द असा टाकत, की आम्हा पोरांना काही कळत नसूनही कान तापायचे. पुढे त्यांना टीव्हीवर पाहिलं. डोक्यावरून घट्ट पदर, एखाद्या घरंदाज मावशीसारख्या ताठ उभ्या, हात फारसे हलत नाहीत, कंबर तर नाहीच. आणि गळ्यातून तो सगळा शृंगार. मी आजीला विचारलं होतं, ह्या पदर का घेतात? आजी म्हणाली, "घेतला म्हणून तर गाता येतंय." तेव्हा मला ते लाजेबद्दलचं वाक्य वाटलं. सुलोचनाबाईंनी लावणीचे उच्चार, ठसका, हे नवऱ्याकडून शिकल्याचं सांगितलं आहे, शामराव चव्हाणांना त्या गुरू मानत. म्हणजे तो ठसका अंगात आलेला नव्हता, बसून गिरवलेला होता. शब्द कुठे चावायचा, कुठे सोडायचा. २०२२ साली त्या गेल्या, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. तसंच बैठकीच्या लावणीचं. वाईच्या यमुनाबाई वाईकर मांडी घालून बसत आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी निराळी अदा करत. जागेवरून न उठता.

आजीचं वाक्य मला कळलं ते यंदा, पाच महिन्यांपूर्वी, ज्याचं हे डबिंग चाललं होतं त्या सिनेमाच्या सेटवर. तिथे इंटिमसी कोऑर्डिनेटर होती, म्हणजे शय्याप्रसंगांत काय चालेल, काय नाही हे कलाकारांशी आधी ठरवून घेणारी. अमेरिकेत एचबीओनं २०१८ पासून अशा प्रसंगांना ही व्यक्ती ठेवायला सुरुवात केली, आपल्याकडे ती त्यानंतरच्या चार-दोन वर्षांत दिसू लागली. सेटवरच्या जुन्या माणसांना आधी तिचा राग आला, उगाच एक खुर्ची वाढली म्हणून. पहिल्या दिवसाचा मला आठवतो तो तिनं दारावर लावलेला एक कागद. आत कोण कोण असणार त्यांची नावं, कामासकट. आठ नावं. सहावं माझं. मॉनिटर किती आणि कुठे, हेही खाली लिहिलेलं. दोघा कलाकारांनी आधी बसून सांगितलं होतं, कुठे हात चालेल, कुठे नाही, आणि ते कागदावर उतरवलं होतं. कट म्हटल्याबरोबर गाऊन घेऊन कोण धावणार, तेही ठरलेलं. आणि मग त्या आठ जणांसमोर आमच्या नटीनं जे केलं ते नऊ वर्षांपूर्वी ती करू शकली नसती. आवाज चढवला, हसली, मधेच रडली, ठरलेल्या हाताला ठरलेल्या जागी थोपवलं आणि पुन्हा ओढून घेतलं. पाच टेक, पाचही जुळणारे. माझी वही कोरी राहिली म्हटलं तरी चालेल. तो गाऊन हाच पदर, असं मला वाटत राहिलं.

त्या दिवशी दाराशी उभं राहून तिनं कागदावरची नावं बोट ठेवून वाचली होती. मला काही विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणूनच ते मला तेव्हापासून टोचतंय.

डबिंगच्या मधल्या सुट्टीत चहा आला. ती काचेबाहेर येऊन माझ्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. मी काही ठरवलं नव्हतं.

"मढला तू मला एक विचारलं होतंस," मी म्हटलं.

"आत किती जणं आहेत." ती लगेच म्हणाली.

"मी म्हटलं, मोजकेच."

"हो."

"एकोणीस होते."

तिनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "मी सतरा मोजले होते," ती म्हणाली. "लाइट डोळ्यांवर होता ना, तोंडं दिसायची नाहीत. पण पलंगावरून खाली डावीकडे बघितलं की लाइट परतवायला उभ्या केलेल्या थर्मोकोलच्या खालून पाय दिसायचे. टेक चालू असताना मोजायचे मी. दर टेकला. मोजायला लागलं की बरं वाटायचं, तेवढं तरी माझ्या हातात होतं. सर म्हणाले, हेच ठेव, म्हणून ठेवलं."

माझ्या त्या वहीत अकरा ठिकाणी लिहिलंय: नजर खाली, डावीकडे. अकरा वेळा मी ते बरोबर टिपलं.

"पण ताई," ती म्हणाली, "उरलेले दोन कुठे होते?"

मी सांगितलं. शेजारच्या खोलीत दुसरा मॉनिटर होता. निर्मात्याच्या ओळखीचे दोघं आले होते, शूटिंग बघायला. खुर्च्या मीच सरकवून दिल्या होत्या.

ती काही बोलली नाही. पेला खाली ठेवला, चष्मा काढून कुर्त्याच्या टोकानं पुसला, परत लावला. आतून रेकॉर्डिस्टनं विचारलं, घ्यायचं का पुढचं, दोनच मिनिटं राहिलीत. ती उठली. दाराशी गेल्यावर थांबली आणि मागे वळून काचेच्या अलीकडचं सगळं एकदा पाहिलं, मी, तो मुलगा, चहावाला पोरगा रिकामे पेले गोळा करत असलेला. "ह्याचं झालं की दार लावून घ्या," तिनं मला सांगितलं.

मी पोराला बाहेर पाठवून दार लावलं. कडी घातली. आत ती माइकसमोर उभी राहिली होती, बरगडीवर हात ठेवून. माझ्या मुठीत तिचं कडं होतं, ते गरम झालं होतं. तीन बीप झाले.